लोणारच्या बरड रानात पाणी का टिकत नाही?

लोणारला सगळे सरोवर बघतात. आज आजूबाजूच्या उंचवट्यावरच्या बरड रानाबद्दल बोलू. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट झिजून मुरूम झाला, त्यावर जेमतेम वीतभर माती. बारीक माती पावसासोबत उताराने खाली जाते, म्हणून थर वाढतच नाही.

फायदा? पाणी मुरमात झटकन उतरतं, वाफसा लवकर येतो. तोटा? मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून असं सांगतो: बॅटरी छोटी आहे. शेंगा भरताना पावसाचा १५ दिवस खंड पडला की इथलं सोयाबीन माना टाकतं. खालच्या काळ्या रानातलं तग धरतं.

म्हणून बरडावर ७० दिवसांच्या आसपास निघणारे मूग-उडीद बरे. बियाणं घेण्याआधी घरच्यांसोबत रानात फूटभर खड्डा खणा. मुरूम किती खोलीवर लागतो ते बघा, मगच पीक ठरवा.