जळगाव ते धुळे: तीन मिनिटांचे अंतर

संध्याकाळची एसटी एरंडोल मागे टाकून पारोळ्याकडे निघते, तेव्हा रमजानच्या महिन्यात काही प्रवाशांचे लक्ष घड्याळाकडे असते. पिशवीत खजूर, पाण्याची बाटली आणि जळगावची दोन केळी. प्रश्न एवढाच, की रोजा सोडायचा तो जळगावच्या वेळेवर की धुळ्याच्या?

दोन्ही शहरांत रस्त्याने साधारण ९० किलोमीटरचे अंतर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. जळगाव सुमारे ७५.५६ रेखांशावर, धुळे ७४.७८ वर, म्हणून धुळ्यात सूर्य तीन मिनिटे उशिरा मावळतो. घड्याळ साऱ्या देशाचे एक, पण मगरीबची अजान सूर्याच्या हिशेबाने होते. जळगावचे वेळापत्रक पाहून धुळ्यात खजूर तोंडात टाकला आणि सूर्य अजून मावळला नसेल, तर तो रोजा पुन्हा धरावा लागतो. वेळापत्रकात एखाद-दोन मिनिटांची सावधगिरी धरलेली असते, पण ती पुरेलच असे नाही. सहेरीचे उलटे: धुळ्याचे वेळापत्रक जळगावात वापरले, तर वेळ संपल्यावरही जेवण चालूच राहते. बसमधल्या माणसासाठी नियम सोपा, जिथे आहात तिथला सूर्य. पारोळ्यात जळगावपेक्षा पावणेदोन मिनिटे जास्त थांबायचे.

या ९० किलोमीटरला आणखी एक अर्थ आहे. कुरआनने प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत दिली आहे. हनफी उलेमांनी जुन्या काळच्या तीन दिवसांच्या वाटचालीवरून ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर, ही मर्यादा मानली. त्या मापाने धुळ्याला निघालेला जळगावकर ‘मुसाफिर’ ठरतो. चार रकातींची फर्ज नमाज त्याला दोनच. पण पहाटे तो घरीच असेल आणि सकाळच्या गाडीने निघणार असेल, तर त्या दिवसाचा रोजा त्याने धरायचा. रोज ये-जा करणाऱ्या शिक्षकाला किंवा व्यापाऱ्याला ही सवलत क्वचितच हाती लागते, ती अशी.

विमानाचे गणित निराळे. जळगाव विमानतळाचे उद्घाटन २०१२ मध्ये झाले, ‘उडान’ योजनेतून डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईचे विमान सुरू झाले. धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते, प्रवासी विमान नाही. असते, तर ८२ किलोमीटरचे सरळ अंतर हवेत दहा मिनिटांत संपले असते; सूर्य तेच तीन मिनिटांत पार करतो. पश्चिमेला मुंबईकडे उडणाऱ्या रोजेदाराचा दिवस मात्र लांबतो. मुंबईचा सूर्यास्त जळगावपेक्षा सुमारे दहा मिनिटे उशिरा, त्यात वीस हजार फुटांवरून सूर्य आणखी दहाएक मिनिटे दिसत राहतो. खाली अजान झाली तरी खिडकीत सूर्य असेल, तर थांबायचे. दुबईत २०११ मध्ये बुर्ज खलिफाच्या ८० व्या मजल्यावर राहणाऱ्यांना दोन आणि १५० च्या वरच्यांना तीन मिनिटे थांबायला तिथल्या उलेमांनी सांगितले, ते याच कारणाने.

रमजानमध्ये उमराहला जाणाऱ्यांची कसोटी याहून मोठी. मुंबई आणि जेद्दाच्या सूर्यास्तात सव्वादोन तासांचे अंतर आहे. सहेरी मुंबईत करून दुपारच्या विमानात बसलेल्याचा रोजा तेवढाच लांबतो, आणि जेवणाची ट्रॉली मात्र आपल्या वेळेवर येते.