वटलेली चिठ्ठी

आई कराडला राहते, मी पुण्यात. दर महिनाअखेर तिच्या चिठ्ठीचा फोटो मी तिच्या घराजवळच्या मेडिकलला व्हॉट्सॲपवर पाठवायचो आणि संध्याकाळपर्यंत दुकानातला मुलगा गोळ्या घरपोच आणून द्यायचा. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग तिच्या घोट्यांवर सूज येऊ लागली म्हणून डॉक्टरांनी रक्तदाबाची ॲम्लोडिपिनची गोळी १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणली. या औषधाने काहींचे पाय सुजतात, हे डॉक्टरांना चांगलं माहीत असतं. नवी चिठ्ठी आईच्या पिशवीत राहिली. माझ्या फोनमधला फोटो जुनाच होता. मी तोच पाठवला, दुकानाने त्याबरहुकूम १० ची गोळी दिली आणि पाय पुन्हा सुजले तेव्हा कुठे घोळ उमगला.

चूक माझीच. पण तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाही. कागदाची चिठ्ठी घडीवर विरते, तिच्यावर डॉक्टर काट मारतात, नवी आली की जुनी बाजूला पडते. फोटो मात्र कधी जुना होत नाही. तो कितीही वेळा पाठवा, पहिल्या दिवसासारखाच कोरा करकरीत दिसतो.

आपल्या कायद्याने या धोक्याचा विचार फार पूर्वी करून ठेवला आहे. औषधांच्या १९४५ च्या नियमांतला नियम ६५ सांगतो की चिठ्ठीवर डॉक्टरांची सही आणि तारीख हवी, रुग्णाचं नाव-पत्ता हवा, एकूण किती औषध द्यायचं आणि किती मात्रेत घ्यायचं तेही हवं. पुन्हा द्या असं डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं. आणि देताना, डॉक्टरांच्या सहीच्या वर, दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख नोंदवायची. घरातली जुनी फाइल काढून बघा, एखाद्या चिठ्ठीवर जांभळट शिक्का सापडेल. चेक वटतो तशी ती चिठ्ठी वटली, याची ती खूण.

फोटोवर हा शिक्का कुठे मारणार? झोपेच्या गोळ्यांची एकच चिठ्ठी तीन दुकानांत तीनदा चालू शकते, कारण एका दुकानाची नोंद दुसऱ्याला दिसत नाही. मागच्या वर्षीच्या तापाला दिलेलं अँटिबायोटिक यंदाच्या तापाला मागवता येतं. अशी काही अँटिबायोटिक्स औषधांच्या त्याच नियमांतल्या अनुसूची एच-१ मध्ये आहेत. ती विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग यांची वेगळ्या रजिस्टरात नोंद करून ती तीन वर्षं जपावी लागते. पण ते रजिस्टर त्या एका दुकानापुरतं.

खरं ई-प्रिस्क्रिप्शन कसं असतं ते मला मेलबर्नच्या मावसबहिणीकडून कळलं. तिथे डॉक्टर संगणकावर औषध लिहितात आणि रुग्णाच्या फोनवर एसएमएसने एक लिंक येते. ती उघडली की क्यूआर कोड दिसतो. हा कोड म्हणजे फक्त किल्ली, चिठ्ठी ठेवलेली असते सुरक्षित सर्व्हरवर. फार्मासिस्ट कोड स्कॅन करतो, चिठ्ठी त्याच्या पडद्यावर उघडते, औषध दिलं की ती वटल्याची नोंद तिथल्या तिथे होते. तोच कोड घेऊन दुसऱ्या दुकानात गेलं तर काही मिळत नाही. डॉक्टरांनी पुढच्या खेपा लिहून दिल्या असतील तर उरलेल्या खेपांसाठी नवा कोड येतो. बहिणीची थायरॉइडची गोळी अशीच, खेपेमागून खेप, मिळत राहते.

एस्टोनियात २०१० पासून एवढाही कोड लागत नाही. डॉक्टर चिठ्ठी राष्ट्रीय यंत्रणेत टाकतात, रुग्ण कुठल्याही फार्मसीत ओळखपत्र दाखवतो, झालं. २०१९ पासून फिनलंडच्या डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठीही तिथे वटते. दोन देशांच्या मधला समुद्र ओलांडून दुकानदाराला समजतं की हे औषध द्यायचं राहिलंय की देऊन झालंय, याचं मला अतोनात अप्रूप वाटतं.

आपल्याकडे मोठा बदल झाला तो टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी, २५ मार्च २०२० ला. त्या दिवशी आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो, स्कॅन किंवा ई-प्रिस्क्रिप्शन रुग्णाला ईमेलने वा मेसेजने पाठवायला डॉक्टरांना मुभा दिली. चिठ्ठी थेट दुकानाला पाठवायची असेल तर रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी लागते, आणि दुकान कुठलं हे रुग्णच ठरवतो. ही अट फार मोलाची आहे, तिच्यावर अडून बसायला लाजू नका. औषध नियमांच्या अनुसूची एक्समधली आणि अमली पदार्थ कायद्याखाली येणारी औषधं मात्र फोनवरच्या सल्ल्याने लिहिताच येत नाहीत. तिथे दुकानदार नकार देतो तो आडमुठेपणाने नव्हे. सरकारच्या ई-संजीवनी सेवेतही सल्ला संपला की ई-प्रिस्क्रिप्शन हाती येतं. आभा या चौदा आकडी आरोग्य-ओळख क्रमांकाशी आपल्या नोंदी जोडण्याची सोयही झाली आहे. पण दुकानादुकानांतून चिठ्ठी वटल्याची सामायिक नोंद, जी मेलबर्नच्या प्रत्येक फार्मासिस्टला दिसते, ती कराडच्या मेडिकलला दिसत नाही. माझ्या मते खरी गरज तिची आहे.

ती येईपर्यंत काळजी आपणच घ्यायची. डॉक्टरांकडे पीडीएफ मागा. फोटोच पाठवायचा असेल तर पूर्ण पानाचा पाठवा. औषधांची नावं तेवढी ठेवून वरची तारीख, रुग्णाचं नाव आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक कापू नका, दुकानदाराला नेमकं तेच तपासायचं असतं. गोळ्या आल्या की स्ट्रिपवरचं नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी ताडून पाहा, आणि बिल मागाच.

आईने आता स्वतःची पद्धत काढली आहे. डॉक्टरांकडून आली की नव्या चिठ्ठीचा फोटो ती स्वतः काढते आणि जुन्या कागदावर लाल पेनाने आडवं 'रद्द' लिहून त्याचाही फोटो मला पाठवते. तो आला की मी फोन करतो, आणि जुना फोटो पुसल्याचं माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय ती फोन ठेवत नाही.