जालियनवाला बाग : मुलांना नेमके काय सांगायचे?

शालेय इतिहासात जालियनवाला बाग हत्याकांड बहुधा एका परिच्छेदात उरकते. सभा भरली, डायरने गोळीबार केला, शेकडो माणसे मेली. परीक्षेपुरते हे पुरेसे असेलही. पण मुलाच्या मनात त्यातून एक खलनायक आणि क्षणभराचा संताप एवढेच उरते. त्याला देशप्रेम म्हणता येणार नाही.

सांगायला सुरुवात करावी ती चार दिवस आधीपासून. ९ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरमध्ये रामनवमीच्या मिरवणुकीत मुसलमानही सामील झाले होते. रौलट कायद्याविरुद्ध शहराचे नेतृत्व करणाऱ्या डॉ. सत्यपाल आणि डॉ. सैफुद्दीन किचलू यांना दुसऱ्याच दिवशी अटक करून शहराबाहेर नेण्यात आले. त्यांच्या सुटकेसाठी निघालेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पुढे खवळलेल्या जमावाने पाच युरोपीय व्यक्तींचे प्राण घेतले. हा भाग गाळू नये. आपल्या बाजूचे न शोभणारेही ऐकून घेण्याची सवय लहानपणीच लागलेली बरी.

१३ एप्रिलला बैसाखी होती. सणासाठी खेड्यापाड्यांतून आलेल्या अनेकांना सभाबंदीचा हुकूम ठाऊकही नव्हता. ५० बंदूकधारी सैनिकांनी इशारा न देता सुमारे दहा मिनिटांत १६५० फैरी झाडल्या. हे सैनिक ब्रिटिशांच्या हिंदी लष्करातील होते. त्यांनी असे का केले, हा प्रश्न चुणचुणीत मूल विचारणारच; तो टाळण्यात अर्थ नाही. हुकूम पाळणे आणि योग्य ते करणे यांत अंतर पडू शकते, हे उमगण्याची हीच जागा आहे.

मोठ्या मुलांना चौकशीची हकिगत सांगावी. सरकारने नेमलेल्या हंटर समितीत मुंबईचे नामांकित वकील चिमणलाल सेटलवाड होते. बोळ अरुंद असल्याने चिलखती मोटारी बागेत नेता आल्या नाहीत; नेता आल्या असत्या तर त्यांवरील मशीनगन चालवली असती काय, असे त्यांनी डायरला विचारले. बहुधा होय, असे उत्तर मिळाले. एका शांत प्रश्नाने जे उघड केले, ते शंभर घोषणांनी झाले नसते. काँग्रेसनेही स्वतंत्र चौकशी केली. तीत गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. सरकारी आकडा ३७९ मृतांचा, काँग्रेसचा अंदाज सुमारे एक हजाराचा. एवढी तफावत का, याचा शोध मुलांनाच घेऊ द्यावा.

धाकट्यांना मात्र आकडे नकोत. त्यांना रतनदेवींविषयी सांगावे. रात्री आठनंतर संचारबंदी असल्याने मदतीला कोणी येईना. पतीच्या मृतदेहापाशी, कुत्री हाकलण्यासाठी हातात काठी घेऊन, त्या रात्रभर बसून राहिल्या. जवळच सुमारे बारा वर्षांचा एक जखमी मुलगा, मला सोडून जाऊ नका, अशी विनवणी करीत होता. थंडी वाजत असेल तर पांघरूण घालते, असे त्या त्याला म्हणाल्या. त्याने पाणी मागितले. ते तेथे मिळण्यासारखे नव्हते. काँग्रेसच्या समितीपुढे ही साक्ष रतनदेवींनी स्वतः दिली.