घंटागाडीचं डिझेल कोण भरतं?

मार्च उजाडला की लहान गावांतल्या नगरपरिषदांना कंठ फुटतो. रिक्षावर भोंगा लावून थकबाकीदारांना इशारे दिले जातात, नळजोडण्या तोडल्या जातात, कुठे कुठे थेट दारापुढे हलगी वाजते. एरवी वर्षभर घरपट्टीचं नाव काढायला कोणी नगरसेवक धजावत नाही. पण गावाचं पुढचं वर्ष कसं जाणार, हे बऱ्याच अंशी याच वसुलीवर ठरतं.

राज्यात नगरपरिषदांचा कारभार १९६५च्या अधिनियमानुसार चालतो. एक लाखावर लोकसंख्या असेल तर ‘अ’ वर्ग, ४० हजारांवर ‘ब’ आणि त्याखाली ‘क’. या ‘क’ वर्गाची ओढाताण सगळ्यांत जास्त. पूर्वी जकात नाक्यावर रोज रोकड जमा व्हायची. १९९९मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या जागी शासनाचं अनुदान आलं. त्यामुळे आज स्वतःच्या हक्काची जमा म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी, बाजार फी आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. बाकी सगळी भिस्त मंत्रालयावर आणि दिल्लीवर.

घरपट्टीचा हिशेब तसा सोपा आहे. घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, हे ठरवायचं आणि त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे. उरतं ते करयोग्य मूल्य. समजा, महिना ५०० रुपये भाडं धरलं. वर्षाचे ६,००० झाले, वजावटीनंतर ५,४०० उरले. संकलित कराचा (म्हणजे घरपट्टीचा) दर २५ टक्के असेल तर पट्टी १,३५० रुपये. पावतीवर शिक्षण करही दिसतो, पण तो नगरपरिषद फक्त गोळा करते; पैसे राज्याच्या तिजोरीत जातात. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते.

गोम आहे ती मूल्य ठरवण्यात. दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हावी, असं कायदा सांगतो. ती जाहीर झाली की मोर्चे निघतात, निवडणूक जवळ असली तर विषय बासनात जातो. मग नोंदवहीत कौलारू असलेलं घर प्रत्यक्षात दोन मजली होतं, खाली दोन दुकानंही निघतात, आणि आकारणी मात्र जुन्याच कौलांवर चालू राहते. याचा भुर्दंड शेजारच्या प्रामाणिक खातेदाराला पडतो.

आता खर्चाकडे वळू. नव्या घंटागाड्या, कंपोस्ट प्रकल्प, जुन्या कचऱ्याच्या डोंगरावर प्रक्रिया यांना स्वच्छ भारत अभियानातून पैसे मिळतात. १ ऑक्टोबर २०२१ला सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात तर जुने डेपो मोकळे करण्यावरच भर आहे. पंधराव्या वित्त आयोगानेही दहा लाखांखालच्या शहरांच्या निधीतला ६० टक्के वाटा बांधून दिला: निम्मा स्वच्छता आणि कचऱ्यासाठी, निम्मा पाण्यासाठी. उरलेला ४० टक्के निधी मोकळा होता, पण त्यातून पगार देता येत नव्हते. म्हणजे फीत कापायला गाडी मिळते. तिचा चालक, टायर आणि डिझेल वर्षानुवर्षं पोसायचं ते मुख्यतः गावाने. भांडवली खर्चाचे फोटो निघतात, महसुली खर्चाची बिलं निघतात.

ही बिलं किती असतात? लहान शहरांत माणशी दिवसाला साधारण २०० ते ३०० ग्रॅम कचरा धरतात. वीस हजार वस्तीच्या गावात २५० ग्रॅमने रोजचे पाच टन झाले. कचऱ्यापासून ऊर्जेचा विचार करणाऱ्या, नियोजन आयोगाच्या कार्यगटाने २०१४मध्ये टनामागे ५०० ते १,५०० रुपये खर्च नोंदवला होता. त्यातला वरचा आकडा घेतला तरी रोजचे साडेसात हजार, वर्षाचे सव्वासत्तावीस लाखांच्या वर. पाच हजार घरांत वाटले तर घरटी महिन्याला ४५ रुपये. डिझेल आणि मजुरी तेव्हापासून कुठल्या कुठे गेली आहे. तरीही ही रक्कम मोबाइलच्या रिचार्जपुढे किरकोळच.

त्या कार्यगटाचं आणखी एक निरीक्षण महत्त्वाचं. खर्चातले ६० ते ७० टक्के गोळा करण्यात आणि २० ते ३० टक्के वाहून नेण्यात जातात. प्रक्रियेला जेमतेम काही उरतं. थोडक्यात, आपण पैसे मोजतो ते कचरा डोळ्यांआड करण्याचे.

त्यात ठेक्याची अट टनावर असेल तर मजाच. डेपोच्या वजनकाट्यावर गाडी चढते तेव्हा खालून काळं पाणी गळत असतं. त्यात भिजलेली भाजी, नारळाच्या करवंट्या, कुणाच्या तरी मोरीच्या दुरुस्तीतला राडारोडा. काटा सगळंच तोलतो आणि नगरपरिषद पाण्याचेही पैसे देते. ओला कचरा घरातच किंवा प्रभागात जिरला तर फेऱ्या कमी होतात. ठेका घरांच्या संख्येवर, वेगळा केलेला कचरा उचलण्याच्या अटीवर दिला, तर ठेकेदाराचं हित वजनात राहत नाही. २०१६च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण सक्तीचं केलं आणि वापरकर्ता शुल्काची वाट मोकळी केली, ती यासाठीच.

हे जमतं, याचा दाखला वेंगुर्ल्यात आहे. २०११च्या जनगणनेत वस्ती बारा हजारांच्या आसपास. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथे सुका कचरा अनेक प्रकारांत वेगळा होऊ लागला. प्लास्टिकचा भुगा डांबरी रस्त्यांत गेला, ओल्या कचऱ्याचा बायोगॅस झाला आणि कचरा डेपोचं ‘स्वच्छ भारत पर्यटनस्थळ’ झालं. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत २०२०ला कराड, २०२१ला विटा आणि २०२२ला पाचगणी देशात पहिली आली. ही काही श्रीमंत महानगरं नव्हेत.

अंदाजपत्रकाची सभा आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी होते. तिच्याआधी आपल्या नगरसेवकाला तीन प्रश्न विचारावेत. चालू मागणीपैकी किती टक्के वसुली झाली आणि मोठे थकबाकीदार कोण? कचऱ्यावर घरटी किती खर्च होतो आणि किती शुल्क येतं? ठेका टनावर आहे की घरांवर? उत्तरं कागदावर मागावीत. मात्र त्याआधी आपली पावती खिशात असावी आणि घरात दोन डबे असावेत. नाहीतर सभेत पहिला प्रश्न आपल्यालाच येईल.