विश्लेषण : मेंदूतील आक्रमक गाठीवर ‘टार्गेटेड’ उपचार कधी शक्य? मेणातला तुकडा का जपायचा?

कळमेश्वर ते नागपूर अंतर जेमतेम २० किलोमीटर. सकाळी उठताच उलट्या, दिवसागणिक वाढणारी डोकेदुखी किंवा उतारवयात पहिल्यांदाच आलेली फिट अशी लक्षणे दिसली, तर एमआरआयसाठी फार दूर जावे लागत नाही. शस्त्रक्रियाही नागपुरात होते. रेडिएशन आणि केमोसाठी जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे. गाडी अडते ती मधल्या टप्प्यावर. काढलेल्या गाठीत कोणता जनुकीय बदल आहे, हे कळल्याशिवाय ‘टार्गेटेड’ उपचाराचा विषयच निघत नाही.

गाठीचे नाव कशावरून ठरते?

पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात, यावरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणानुसार प्रौढाच्या गाठीत आयडीएच जनुकातील बदल नसेल, तरच तिला ग्लायोब्लास्टोमा म्हणतात. हा बदल असलेली गाठ दिसायला तशीच असली तरी तिचे नाव वेगळे, आणि तिचा रुग्ण साधारणपणे जास्त काळ जगतो.

ग्लायोब्लास्टोमाचा आजचा मुख्य उपचार २००५च्या एका चाचणीतून आला. ५७३ रुग्णांच्या या चाचणीत रेडिएशनला टेमोझोलोमाइड गोळ्यांची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेले. वाढ अडीच महिन्यांची. पण दोन वर्षे जगणारे शेकडा १० वरून २६ झाले. फायदा सर्वांना सारखा नव्हता. एमजीएमटी हे जनुक पेशीतील डीएनएची दुरुस्ती करवते. ज्यांच्या गाठीत ते बंद होते, त्यांच्यात हा आकडा १५.३ वरून २१.७ महिन्यांवर गेला. औषधाने केलेली मोडतोड त्या गाठीला दुरुस्तच करता आली नाही.

मग नेमके औषध का सापडत नाही?

मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत बहुतेक औषधांना आत येऊ देत नाही. त्यातून औषध पोहोचलेच, तरी एकाच गाठीत वेगवेगळ्या स्वभावाच्या पेशी असतात. एक प्रकार मेला की दुसरा वाढतो. ईजीएफआर या जनुकातील बदलावर बेतलेल्या ‘रिंडोपेपिमुट’ लसीकडून मोठ्या आशा होत्या. २०१६मध्ये तिची शेवटच्या टप्प्यातील चाचणी थांबवावी लागली.

थोडे यश आहे. बीआरएएफ व्ही६००ई हा बदल असलेल्या गाठींसाठी डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या जोडीला अमेरिकेत २०२२मध्ये मान्यता मिळाली; आक्रमक ग्लायोमात सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या गाठी आक्रसल्या. मेंदूच्या मध्यभागी होणाऱ्या एच३ के२७एम गाठींसाठी डॉर्डाव्हिप्रोन २०२५मध्ये आले. तिथे ५० पैकी ११ रुग्णांत प्रतिसाद दिसला. हे बदल मोजक्याच रुग्णांत सापडतात. २०२४मध्ये गाजलेले व्होरासिडेनिब तर संथ वाढणाऱ्या गाठींसाठी आहे. नातेवाइकांनी पाठवलेल्या बातमीत हा फरक सहज गळून पडतो.

महाराष्ट्रात काय झाले?

खारघरच्या टाटा मेमोरियलच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने लहान मुलांमधील मेड्युलोब्लास्टोमा या गाठीवर काम केले. १२ जनुके आणि ९ मायक्रो-आरएनए तपासून गाठीचा उपप्रकार ओळखण्याची पद्धत त्यांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केली. तिचे मोल वेगळ्याच गोष्टीत आहे : ती मेणात जतन केलेल्या तुकड्यावर चालते. म्हणजे आजारी मुलाला मुंबईला न नेताही त्याची गाठ तपासता येऊ शकते.

कुटुंबाने काय विचारावे?

शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत रेडिएशन सुरू होते. आयडीएच, एमजीएमटी यांसारख्या तपासण्या याच काळात व्हायला हव्यात. त्यामुळे टाके निघेपर्यंत वाट न पाहता, नमुना कोणत्या तपासण्यांसाठी पाठवला, हे डॉक्टरांना विचारावे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. जनुकीय तपासणी पॅकेजमध्ये बसते का, हे आरोग्यमित्राकडून आधीच समजून घ्यावे.

दुसऱ्या रुग्णालयात सल्ल्याला जाताना फाइल आणि एमआरआयच्या सीडीबरोबर पॅथॉलॉजीतून स्लाइड आणि ‘ब्लॉक’ मागून घ्यावेत. हा ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा छोटा ठोकळा. त्याला बर्फ लागत नाही, पण मेण साधारण ६० अंशांच्या आत वितळू लागते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तो ठेवू नये.