शेताचे भूखंड होण्यापूर्वी : मोंटानातील भूविभाजन-परीक्षण

अमेरिकेच्या वायव्य भागातील मोंटाना राज्यात ५६ काउंट्या आहेत. काउंटी हा आपल्याकडील जिल्ह्याशी ढोबळमानाने जुळणारा प्रशासकीय विभाग असला, तरी तिचा कारभार लोकांनी निवडून दिलेल्या कमिशनरांच्या हाती असतो, आणि बहुतेक ठिकाणी या कमिशनरांची संख्या अवघी तीन असते. अशा ग्रामीण काउंटीत एखाद्या शेतमालकाला आपल्या जमिनीचे घरांसाठी भूखंड पाडून विकायचे असतील, तर विक्रीपूर्वी त्याला आपला आराखडा काउंटीपुढे मांडावा लागतो आणि रस्ता, पाणी, सांडपाणी, शेती, वन्यजीव व सुरक्षितता या सर्व अंगांनी त्याची छाननी करून घ्यावी लागते. या छाननीला भूविभाजन-परीक्षण असे म्हणता येईल. मोंटानाच्या ग्रामीण भागातील मोठ्या क्षेत्रावर जमीनवापराचे विभागनियोजन, म्हणजे कोठे निवासी, कोठे व्यापारी आणि कोठे शेतीचा वापर हे ठरवून देणारे नियम, फारसे लागू नसल्यामुळे, शेताची वस्ती होताना समाजाला आपले म्हणणे मांडण्याची हीच बहुधा पहिली आणि शेवटची संधी ठरते.

या व्यवस्थेचे महत्त्व कळण्यासाठी तिथली जमीन मुळात कशी मोजली गेली हे पाहणे आवश्यक आहे. १७८५ च्या भूमी अध्यादेशाने अमेरिकेच्या पश्चिमेकडील प्रदेशाची सहा मैल लांब-रुंद चौकोनांत, आणि अशा प्रत्येक चौकोनाची ६४० एकरांच्या ३६ भागांत, मोजणी करण्याची पद्धत घालून दिली. पुढे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहत करणाऱ्या कुटुंबाला यातील एक चतुर्थांश भाग, म्हणजे १६० एकर जमीन, मिळवण्याची सोय केली. डोंगर, ओढे आणि उतार यांची दखल न घेता उभ्या-आडव्या सरळ रेषांनी पाडलेले हे चौकोन आजही मोंटानाच्या प्रत्येक जमीन-नोंदीचा पाया आहेत. कागदावर जमीन तोडणे या पद्धतीमुळे अतिशय सोपे झाले. पण तोडलेल्या तुकड्यावर माणूस राहू शकेल की नाही, याचे उत्तर ती पद्धत देत नव्हती.

बिटररूट खोऱ्याचा, म्हणजे आजच्या रव्हॅली काउंटीचा, इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. येथील सॅलिश लोकांना १८९१ मध्ये आपली भूमी सोडून उत्तरेकडील राखीव क्षेत्रात जावे लागले आणि त्यानंतर दोन दशकांच्या आत या खोऱ्यात सफरचंदाच्या बागांची लाट आली. एका सिंचन कंपनीने लांबलचक कालवा खोदला, बाजूच्या जमिनीचे प्रामुख्याने दहा-दहा एकरांचे तुकडे पाडले आणि दूरच्या शहरांतील ग्राहकांना ते फळबागांसाठी विकले; फ्रँक लॉइड राइट या विख्यात वास्तुरचनाकाराकडून १९०९ च्या सुमारास नव्या गावाचे आणि उन्हाळी वसाहतीचे आराखडेही करवून घेण्यात आले. थंडीचा तडाखा, कीड आणि बाजारपेठेचे अंतर यांपुढे या बागा टिकल्या नाहीत व १९१६ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. कालव्यातून पाणी मात्र आजही वाहते, आणि त्या काळी आखलेल्या तुकड्यांच्या हद्दी आजच्या जमीन-नोंदींतही आढळतात. पीक गेले, कंपनी बुडाली, तरी जमिनीवर पडलेली हद्द राहिली. भूविभाजनाची तपासणी आधीच का करावी लागते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

मोंटानाने १९७२ मध्ये नवी राज्यघटना स्वीकारली आणि तिच्यात स्वच्छ व आरोग्यदायी पर्यावरणाचा हक्क, शासकीय निर्णयांत सहभागाचा हक्क आणि माहितीचा हक्क हे तिन्ही नागरिकांच्या मूलभूत हक्कांत समाविष्ट केले. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, भूविभाजन व रेखांकन कायदा झाला. ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा पाडणे म्हणजे भूविभाजन, अशी त्याची मूळ कल्पना आहे. १९९३ पर्यंत ही मर्यादा २० एकरांची होती आणि त्याचा परिणाम अपेक्षेच्या नेमका उलटा झाला: तपासणी टाळण्यासाठी नेमके २० एकरांचे किंवा त्याहून किंचित मोठे तुकडे पाडण्याची प्रथा पडली, आणि शेती करण्यास अपुरे पण घरासाठी अवाढव्य असे भूखंड खोऱ्याखोऱ्यांतून पसरले. विधिमंडळाने १९९३ मध्ये ही मर्यादा १६० एकरांवर नेली, म्हणजे होमस्टेड कायद्याने एका कुटुंबासाठी जेवढी जमीन पुरेशी मानली होती, तिथपर्यंत तपासणीची कक्षा वाढवली.

परीक्षणाचे टप्पे कायद्याने काटेकोरपणे बांधून दिले आहेत. अर्ज आल्यावर आवश्यक ते सर्व कागद जोडले आहेत की नाहीत हे पाच कामकाजी दिवसांत, आणि त्या कागदांतील माहिती निर्णयासाठी पुरेशी आहे की नाही हे पुढील पंधरा कामकाजी दिवसांत, काउंटीच्या नियोजकाला सांगावे लागते. त्यानंतर पाच किंवा त्याहून कमी भूखंडांच्या लहान विभाजनासाठी ३५, त्याहून मोठ्या विभाजनासाठी ६० आणि पन्नास वा अधिक भूखंडांसाठी ८० कामकाजी दिवसांची मुदत असते. या मुदतीत नियोजक जागेची पाहणी करतो, अग्निशमन दल, शाळा, रस्ते विभाग, वन्यजीव विभाग आणि सिंचन संस्था यांची मते मागवतो, व आपला अहवाल नियोजन मंडळापुढे ठेवतो. हे मंडळ सल्लागार स्वरूपाचे असते. अंतिम निर्णय कमिशनरांचाच असतो. मोठ्या विभाजनासाठी पर्यावरणीय मूल्यांकन आणि जाहीर सुनावणी सक्तीची असून, शेजारच्या जमीनमालकांना सुनावणीची सूचना किमान पंधरा दिवस आधी पाठवावी लागते.

तपासणीचे निकष कायद्यातच दिलेले आहेत: शेती, शेतीला पाणी पुरवणाऱ्या सोयी, स्थानिक सेवा, नैसर्गिक पर्यावरण, वन्यजीव व त्यांचा अधिवास, आणि सार्वजनिक आरोग्य व सुरक्षितता यांवर होणारा परिणाम. यांतील दुसरा निकष शहरी वाचकाला किरकोळ वाटेल, परंतु ग्रामीण काउंटीत अनेक तंटे तेथूनच उद्भवतात. मोंटानात पाण्यावरचा हक्क काळाच्या क्रमाने ठरतो, म्हणजे ज्याने आधी पाणी वापरात आणले त्याचा हक्क वरचढ मानला जातो, आणि हे पाणी शेताशेतांतून जाणाऱ्या मातीच्या पाटांतून वाहते. शेताचे वीस भूखंड झाले की तोच पाट वीस अंगणांतून जाऊ लागतो. नवा रहिवासी त्यावर कुंपण घालतो, पूल टाकतो, कधी गवत आणि पालापाचोळा त्यात लोटतो, आणि खालच्या अंगाच्या शेतकऱ्याचे पाणी ऐन हंगामात अडते. म्हणून रेखांकनावर पाटाच्या दोन्ही बाजूंना गाळ काढण्यासाठी यंत्र नेता येईल एवढी पट्टी वहिवाटीसाठी राखून ठेवावी लागते, आणि भूखंडाबरोबर पाण्याचा हक्क मिळतो की नाही हे खरेदीदाराला कळेल अशा रीतीने कागदावर नमूद करावे लागते.

भूजल आणि सांडपाणी यांची तपासणी हा या व्यवस्थेचा सर्वांत तांत्रिक आणि सर्वांत मोलाचा भाग आहे. १९६१ पासून मोंटानात भूविभाजनाच्या स्वच्छतेसंबंधी वेगळा कायदा आहे, आणि २० एकरांहून लहान भूखंडांवरील विहीर, सांडपाणी व पावसाचे पाणी यांच्या योजनांना राज्याच्या पर्यावरण विभागाची मान्यता लागते. गावापासून दूरच्या भूखंडावर सांडपाणी नेणारी गटारे नसतात. ते सेप्टिक टँकमधून छिद्रे असलेल्या नळ्यांद्वारे जमिनीत सोडले जाते आणि माती ते गाळते. माती हे काम करू शकेल की नाही, हे पाहण्यासाठी नियोजित जागी सुमारे आठ फूट खोल खड्डा खणून त्याच्या भिंतीतील थर वाचले जातात: वरची काळी माती किती, चिकणमातीचा थर कोठे, गोटे आणि वाळू कोठून सुरू होते, आणि पाणी वर चढून उतरल्याच्या खुणा सांगणारे गंजासारखे डाग किती खोलीवर दिसतात. शंका असल्यास तेथे छिद्रांची नळी उभी पुरतात आणि बर्फ वितळण्याच्या व पाटाला पाणी सुटण्याच्या काळात तिच्यातील पाण्याची पातळी वरचेवर मोजतात, कारण हिवाळ्यात कोरडी वाटणारी जमीन जूनमध्ये पाण्याने तुडुंब असू शकते. सांडपाण्याच्या नळ्या आणि भूजल यांच्यामध्ये किमान चार फूट नैसर्गिक माती, आणि विहीर व सांडपाण्याचे निचराक्षेत्र यांच्यामध्ये किमान शंभर फूट अंतर, हे नियम या मोजमापांवरच उभे आहेत. ते पाळले न गेल्यास शेजाऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात नायट्रेट आणि रोगजंतू उतरतात.

पाण्याच्या प्रमाणाचा प्रश्नही तितकाच अवघड आहे. मिनिटाला ३५ गॅलन, म्हणजे सुमारे १३२ लिटर, आणि वर्षाला १० एकर-फूट, म्हणजे सुमारे १ कोटी २३ लाख लिटर, यांपेक्षा कमी उपसा करणाऱ्या विहिरीला मोंटानात पाणीहक्काच्या पूर्ण परवान्याची गरज नसे. ही सवलत एकेकट्या घरासाठी आणि गुरांच्या पाण्यासाठी असल्याचे मानले जात असले, तरी मोठ्या विभाजनांत प्रत्येक भूखंडावर अशी स्वतंत्र विहीर घेतली जाऊ लागली आणि त्यांची बेरीज जुन्या हक्कदारांच्या पाण्यावर येऊ लागली. विहिरी नळाने एकमेकींना जोडलेल्या असतील तरच त्या एकत्र धराव्यात, असा प्रशासनाचा १९९३ पासूनचा नियम होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो कायद्याशी विसंगत असल्याचा निर्णय कायम केला, आणि एकाच प्रकल्पातील विहिरींकडे एकत्रितपणे पाहण्याचा मार्ग मोकळा झाला.

रस्ते, आग आणि मोकळ्या जागा यांची छाननी याच रीतीने होते. प्रत्येक भूखंडाला कायदेशीर आणि प्रत्यक्ष वापरता येईल असा प्रवेशमार्ग हवा, म्हणजे केवळ कागदावर वाट असून भागत नाही. रानाला लागून असलेल्या भूखंडांसाठी वणव्याच्या वेळी बाहेर पडण्याचा दुसरा रस्ता आणि बंब वळवता येईल अशी जागा यांचा विचार होतो. मोठ्या विभाजनात उद्यानासाठी द्यावयाची जागा भूखंडाच्या आकारानुसार ठरते: अर्धा एकर किंवा त्याहून लहान भूखंडांच्या क्षेत्राच्या ११ टक्के, आणि तीन ते पाच एकरांच्या भूखंडांसाठी अडीच टक्के; जागेऐवजी तिच्या किमतीइतकी रक्कमही स्वीकारता येते.

कमिशनरांच्या अधिकाराला मर्यादाही आहेत, आणि त्या असणे योग्यच आहे. शेजाऱ्यांचा विरोध आहे एवढ्याच कारणाने, किंवा केवळ शाळांवर भार पडेल म्हणून, अर्ज नाकारता येत नाही; प्रत्येक निकषावर पुराव्यासह लेखी निष्कर्ष नोंदवावे लागतात, परिणाम सौम्य करण्याचे उपाय ठरवताना अर्जदाराशी सल्लामसलत करावी लागते, आणि निर्णयाविरुद्ध जिल्हा न्यायालयात दाद मागता येते. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या नोलन आणि १९९४ च्या डोलन या खटल्यांत घालून दिलेले तत्त्व येथेही बंधनकारक आहे: मालकावर घातलेल्या अटीचा प्रकल्पाच्या परिणामाशी थेट संबंध असला पाहिजे आणि तिचे ओझे त्या परिणामाच्या ढोबळमानाने प्रमाणात असले पाहिजे. त्यामुळे मंजुरी बहुधा अटींसह येते. अर्जदाराने ठरलेल्या मुदतीत रस्ते बांधावेत किंवा त्यांच्या खर्चाची हमी द्यावी, भूमापकाने भूखंडांच्या कोपऱ्यांवर हद्दीच्या खुणा बसवाव्यात, आणि त्यानंतरच अंतिम रेखांकन काउंटीच्या नोंदणी कार्यालयात दाखल व्हावे, असा क्रम आहे.

या व्यवस्थेला गळतीही आहे. कुटुंबातील व्यक्तीला जमीन देणे, शेतीपुरताच वापर करण्याच्या करारावर तुकडा पाडणे, सामाईक हद्द सरकवणे, अशा काही विभाजनांना कायद्याने परीक्षणातून सूट दिली आहे. मुलाला घर बांधता यावे म्हणून बापाने जमीन द्यावी यात गैर काहीच नाही. परंतु दिलेली जमीन थोड्याच काळात बाजारात येते तेव्हा तीच सूट परीक्षणाची आडवाट बनते, आणि म्हणून सूट मागणाऱ्याचा हेतू तपासण्याचे निकष काउंट्यांना आपल्या नियमांत ठेवावे लागतात.

मराठी वाचकाला या साऱ्यात परकेपणा वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात जमिनीच्या अतिलहान तुकड्यांना आळा घालणारा कायदा १९४७ पासून आहे, अकृषिक वापराची तरतूद १९६६ च्या जमीन महसूल संहितेत आहे, आणि तरीही शहरांच्या कडेला एकेक-दोन-दोन गुंठ्यांचे असे असंख्य भूखंड विकले गेले की २००१ मध्ये गुंठेवारी विकासाच्या नियमितीकरणाचा वेगळा कायदा करावा लागला. नियमितीकरणाने कागद सरळ होतो; पण सहा फुटांची बोळ त्यामुळे रुंद होत नाही आणि दूषित विहीर शुद्ध होत नाही. तो खर्च नंतर नगरपालिका आणि रहिवासी यांनाच उचलावा लागतो.

भूविभाजनाच्या सुनावणीला विकणारा हजर असतो, त्याचा अभियंता हजर असतो, शेजारी आणि शेतकरीही हजर असतात. ज्याला त्या भूखंडावर आयुष्य काढायचे आहे तो खरेदीदार मात्र तेथे नसतो, कारण तो कोण हे अजून कोणालाच ठाऊक नसते. त्याच्या वतीने विहिरीचे, रस्त्याचे आणि पाटाचे प्रश्न विचारण्याची जबाबदारी नियोजकावर आणि कमिशनरांवर येते, आणि ती विक्रीपूर्वीच पार पाडता येते. ग्रामीण कार्यालयातील हे काम संथ आणि कंटाळवाणे भासले, तरी लोकशाही शासनाने करावयाच्या अत्यंत आवश्यक कामांत त्याची गणना झाली पाहिजे. जेथे जेथे शेतांचे भूखंड होत आहेत, तेथे अशी तपासणी खरेदीखतापूर्वीच, जाहीरपणे आणि लेखी कारणांसह व्हावी, असा आग्रह नागरिकांनी धरला पाहिजे.