शिंगराची पहिली शाळा

घोडा तयार करायचा म्हणजे चाबूक, लगाम आणि जबरदस्ती, अशीच अनेकांची समजूत असते. जुन्या काळी घोड्याला वळण लावणाऱ्याला मराठीत ‘चाबूकस्वार’च म्हणत! पण धाकाने वाकवलेला घोडा मनातून भ्यालेलाच राहतो आणि भ्यालेला घोडा केव्हा उधळेल याचा नेम नसतो. ग्रीक सेनानी झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच आपल्या अश्वविद्येवरील ग्रंथात बजावले होते की, रागाच्या भरात घोड्याला हाताळू नये.

हट्ट नव्हे, भीती

घोडा मुळात हिंस्र प्राण्यांचे भक्ष्य. धोका दिसला की पळणे हाच त्याचा बचाव. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. मात्र ऐन नाकासमोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत, सावकाश जावे. कान पुढे असतील तर त्याचे लक्ष आहे, मानेला चिकटले असतील तर तो चिडला आहे, हे ओळखावे.

शिकवण्याची रीतही साधी आहे. म्होरकीची दोरी हलकेच ताणायची आणि घोड्याने एक पाऊल टाकताच ती लगेच सैल सोडायची. ताण सुटणे हेच त्याचे बक्षीस! दोरी उशिरा सैल झाली तर आपले काय बरोबर आले, हे त्याला उमगत नाही.

अकरा महिन्यांची वाट

घोडी साधारण अकरा महिने गाभण असते. हा काळ नुसता वाट पाहण्याचा नाही, विश्वास मिळवण्याचा आहे. रोज खरारा करावा, खूर उचलण्याची सवय लावावी, पोटाला व कासेला हळुवार हात लावावा. पहिलटकरीण घोडीला ही सवय नसेल तर ती दूध प्यायला आलेल्या पिलालाच लाथ मारण्याची भीती असते. दिवस भरत आले की पशुवैद्यांच्या सल्ल्याने धनुर्वाताची लस द्यावी.

कास भरू लागते, शेपटीजवळचे स्नायू सैल पडतात, सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसतात. मग घटका जवळ आली असे समजावे. बहुतेक घोड्या रात्रीच्या शांततेत वितात. तेव्हा गर्दी, गडबड नको. दुरून लक्ष ठेवावे.

एक, दोन, तीन

पाणमोट फुटल्यावर साधारण अर्ध्या तासात शिंगरू बाहेर येते. ते एका तासात उभे राहावे, दोन तासांत आईला प्यावे आणि तीन तासांत घोडीची वार पडावी, असा ठोकताळा आहे. तो चुकला तर पशुवैद्यांना बोलवायला वेळ लावू नये. पांढुरक्या पडद्याऐवजी लाल मखमली पिशवी आधी दिसली, तर ती तत्काळ फाडावी लागते. नाहीतर पिलू आतच गुदमरते.

पहिल्या चिकाचे मोल फार मोठे! घोडीच्या पोटात असताना रोगप्रतिकारक द्रव्ये पिलाला मिळत नाहीत. ती चिकातूनच मिळतात. तीही पहिल्या दिवसातच, कारण पुढे पिलाचे आतडे ती शोषू शकत नाही.

खरारा आईला, धडा पिलाला

पिलू जन्मले की त्याला कवटाळण्याचा मोह घरातल्या मुलांना होतोच. तो आवरावा. फ्रान्समधील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास बोलका आहे. विल्यानंतर पहिले पाच दिवस घोडीला रोज थोडा वेळ शांतपणे खरारा केला. पिलांना कोणी हातही लावला नव्हता. तरीही ती पिले पुढे इतरांपेक्षा माणसांना कमी बुजली. आई ज्याच्यापाशी निश्चिंत उभी राहते, तो माणूस आपला, एवढे त्यांनी हेरले होते!

नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे रंग, चाल आणि टोकाशी वळलेले कान पाहून घोडा पारखला जातो. त्याचा स्वभाव मात्र घडतो तो तबेल्यात, आईच्या अंगावरून फिरणाऱ्या मायेच्या हाताखाली.